दाराखालचा पत्रा

आमच्या धंद्यात माणूस आधी कानाने बघतो. गाडी समोर उभी राहिली की गिऱ्हाईक रंग दाखवतं, नवीन टायर दाखवतं, सीटकव्हरं दाखवतं. डेंटर मात्र हातोडीच्या दांड्याने हळूच टकटक करत गाडीभोवती एक फेरी मारतो. चांगला पत्रा खणखणतो. गंजलेला पत्रा भद्द वाजतो. आणि जिथे पत्राच उरलेला नाही, नुसती लांबी भरून वर रंग मारलाय, तिथे भिंतीवर मारल्यासारखं वाटतं. लांबी म्हणजे पेंटरची पुट्टी. बारीकसारीक खड्डा बुजवायला ती हवीच. पण बोटभर जाडीने थापली की ती पत्र्याची जागा अडवते, आणि पत्र्याचा जोर काही तिच्यात नसतो.

मी मूळचा कराडकडचा. बोईसरला आलो तो कारखान्यात लागायला, आणि रमलो गॅरेजात. पुढे जवळच सालवडला स्वतःची शेड टाकली. डेंटरला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. एका बाजूने समुद्राची खारी हवा, दुसऱ्या बाजूने केमिकलच्या वाफा. दोघी मिळून गाड्या खातात आणि आम्ही जेवतो. नवापूरच्या एक मावशी मासळीचा टेंपो घेऊन यायच्या. बर्फाच्या खाऱ्या पाण्याने तळ पार चाळणी झालेला. पहिल्यांदा आल्या तेव्हा रस्त्यातूनच ओरडल्या, "मेस्त्री, म्हावरा पेरीत आलू गो बाय रस्त्याला! मागं बघा, सगली कुत्री माझी वरात घेऊन आल्यात." आणि खरोखरच मागे सातआठ कुत्री होती. दुसरे एक गृहस्थ, रिटायर झालेले, स्कूटर घेऊन आले. सगळे पोचे काढा म्हणाले, पण मडगार्डावरचा एक तसाच ठेवा. तो त्यांच्या मुलाने पाडलेला होता आणि मुलगा परदेशी जाऊन बसला होता. तो पोचा सोडून बाकीची स्कूटर गुळगुळीत करणं हे मी केलेल्या अवघड कामांपैकी एक होतं.

असल्या गमती सांगायला मला आवडतं. पण दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर आठवली ती कर्णिकसाहेबांची गाडी, आणि आठवली की अजूनही मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारतो.

कर्णिकसाहेबांचा रंगाच्या कच्च्या मालाचा छोटा कारखाना होता. माणूस हुशार, मोकळा, कामगारांत मिसळणारा. त्यांच्याकडे इंग्लिश बनावटीची, हिरव्या रंगाची, दोन सीटांची उघडी गाडी होती. वर टप नाही, कापडी हूड, तेही बहुधा मागे दुमडलेलं. बोईसरहून पालघर, मासवण करत मनोरला हायवेला लागायचे, तेव्हा शेतातली माणसं कामं थांबवून बघायची.

उघड्या गाडीची एक गोष्ट बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. साध्या मोटारीला वरचं छप्पर धरून ठेवतं. उघड्या गाडीला छप्परच नाही, म्हणून सगळा भार खालच्या पत्र्यावर. दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पत्र्याची एक पोकळ पेटी जाते. दोन बाजूंना दोन. त्या दोन पेट्या म्हणजे त्या गाडीच्या कण्याची हाडं. त्या सडल्या की गाडी मधोमध वाकायला लागते आणि एक दिवस, वेगात असताना किंवा मोठ्या खड्ड्यात, घडी होऊ शकते.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला गाडीचं इंजिन थकलं. साहेबांपुढे दोन रस्ते उभे राहिले. मुंबईत एक जोरदार जपानी इंजिन मिळत होतं. ते गियरबॉक्ससकट बसवायचं आणि आहे तीच गाडी नवी करायची. नाहीतर डहाणूच्या एका चिकूच्या वाडीत इटालियन बनावटीची लाल उघडी गाडी विकायला होती, ती घ्यायची.

या दोन रस्त्यांवर त्यांनी तीन महिने काढले. कारखान्यात भट्टीचं तापमान लिहायचे छापील कागद असत. त्या कागदावर मधोमध रेघ मारून एका बाजूला 'हिरवी', दुसऱ्या बाजूला 'लाल' असं लिहून ते खाली गुणदोष मांडायचे. भेटेल त्याला विचारायचे. वॉचमनला विचारलं. बँकेच्या मॅनेजरांना विचारलं. त्यांच्या पत्नी रोहिणीताई एकदा गाडीत बसूनच मला म्हणाल्या, "मेस्त्री, माझ्या वेळी यांनी एका संध्याकाळी होकार दिला होता. मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. आता वाटतं, जरा विचार करायला हवा होता." साहेब मोठ्याने हसले.

शेवटी एका रविवारी ते माझ्या शेडमध्ये आले. शेजारच्या शेडमध्ये युसूफभाई होते. ते इंजिनाचे मेकॅनिक, कानपूरकडचे. साहेबांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. "युसूफभाई इंजिन बसवून देतो म्हणतात. प्रश्न एकच आहे, मेस्त्री. या इंजिनाचा जोर दीडपट आहे. बॉडी पेलेल का? तुम्ही हो म्हणालात की मी हिरवी ठेवली. नाही म्हणालात तर लाल."

"बघून सांगतो," मी म्हटलं.

ते गेल्यावर मी जॅक लावून गाडी उचलली आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडायला गेलो. दार अडकलं. खाली सोडली, तर उघडलं. पुन्हा उचलली, पुन्हा अडकलं. गाडी वाकत होती. मी गुडघ्यावर बसून दाराखालच्या पेटीवर टकटक केली. भिंतीचा आवाज.

ती लांबी माझीच होती.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. शेड नवीन होती, साहेबांचं लग्न ठरलं होतं आणि त्यांना वरात याच गाडीतून काढायची होती. गाडी आणून म्हणाले, "चार दिवसांत चकाचक करून द्या." मी दाराखालची पेटी उघडली तर आतला पत्रा सडलेला. नीट काम म्हणजे सगळं कापून काढायचं, नवीन पेटी बनवायची. तीन आठवडे तरी हवेत. चार दिवसांत ते होणार नव्हतं. माझ्याकडे एका ड्रमचा पत्रा पडला होता. त्याची पट्टी कापली, चार ठिकाणी वेल्डिंगचे टाके मारले, वरून लांबी थापली, घासली, रंग मारला, खालून डांबर फासलं. आरशासारखं दिसत होतं. मनात म्हटलं, लग्न होऊ दे, मग बोलावून नीट करून देऊ. लग्न झालं. मी बोलावलं नाही. आधी वाटलं, पुढच्या महिन्यात सांगू. मग वाटलं, आता कसं सांगायचं. शिवाय त्या कामाने माझं नाव झालं होतं. साहेबांनी कारखान्याचे सगळे टेंपो माझ्याकडे पाठवायला सुरुवात केली होती. शेडवर पत्रे चढले ते त्याच कामावर.

आता 'पेलेल' म्हणालो तर त्या सडक्या हाडांवर दीडपट जोराचं इंजिन बसणार होतं. 'नाही' म्हणालो तर 'का नाही' हे सांगावं लागणार होतं.

युसूफभाई चहा घेऊन आले. जॅककडे पाहिलं, अडकलेल्या दाराकडे पाहिलं. त्यांना काही समजावून सांगायची गरज नव्हती. "बोल दे, मिस्त्री," एवढंच म्हणाले.

मी नाही बोललो. त्या आठवड्यात माझं कशात लक्ष लागेना. एका टेंपोचा उजवा दरवाजा डाव्या बाजूला बसवायला निघालो होतो. घरी बायको म्हणाली, "जेवताना ताटाला काय टकटक करताय?"

पुढच्या रविवारी साहेब मला लाल गाडी दाखवायला डहाणूला घेऊन गेले, त्याच हिरव्या गाडीतून. रस्त्याला वळणं आली की त्यांचा पाय आणखी खाली जायचा. मी दाराची कड घट्ट धरून बसलो होतो.

"साहेब, जरा हळू."

"घाबरता काय, मेस्त्री? तुमच्याच हातची गाडी आहे!"

लाल गाडी अस्सल निघाली. मी सोबत लोहचुंबक नेलं होतं. लांबीवर ते चिकटत नाही. त्या गाडीला जिथे लावलं तिथे चिकटलं. जॅकवर उचलली तरी दारं लोण्यासारखी उघडत होती. साहेब मात्र तिच्याकडे पाहुण्याकडे बघावं तसं बघत होते. परत निघताना हिरव्या गाडीच्या बॉनेटवर त्यांनी हात फिरवला. त्यांच्या मनात काय होतं ते मला कळलं, आणि मी घाईने बोललो.

"साहेब, लाल घ्या. हिरवीचे पार्ट आता मिळत नाहीत. पुढे फार त्रास होईल."

"आणि बॉडी? पेलेल की नाही?"

"बॉडीचं काही नाही. पार्टचा प्रश्न आहे."

त्यांनी माझा शब्द मानला. पंधरा दिवसांत लाल गाडी आली. मला वाटलं, सुटलो. हिरवी आता कारखान्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून राहील, आणि मीही झोपेन.

महिन्याभराने साहेब टेंपोच्या कामाला आले आणि जाता जाता म्हणाले, "अहो, हिरवी गेली बरं का. मासवणचे पाटील आहेत ना, गवताच्या वखारीचे, त्यांनी घेतली मुलीसाठी. मुलगी पालघरला शाळेत शिकवते. पाटलांनी बॉडीचं विचारलं, मी म्हटलं, सालवडच्या मेस्त्रींच्या हातचं काम आहे. मग माणसाने दुसरा प्रश्न विचारला नाही."

माझ्या हातातला पाना खाली पडला नाही की काही झालं नाही. मी मान हलवली आणि कामाला लागलो. पण त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. मी साहेबांना वाचवलं होतं आणि तीच गाडी, माझंच नाव सांगून, एका परक्या मुलीच्या हातात गेली होती. रोज सकाळी ठरवायचो, आज मासवणला जायचं. रोज काहीतरी काम निघायचं. खरं सांगायचं तर मीच काढायचो.

असे पाच आठवडे गेले. मग एकदा पालघरला लोखंडाच्या दुकानात गेलो असताना बाहेर हॉर्न वाजला. हिरवी गाडी. स्टिअरिंगवर पंचविशीची मुलगी, पदर कमरेला खोचलेला, आणि बाजूच्या एका सीटवर शाळेच्या दोन मुली एकमेकींना चिकटून बसलेल्या. गाडी थांबवून तिने मला नीट निरखलं.

"तुम्हीच सालवडचे मेस्त्री ना? मी सुनंदा पाटील, मासवणची. तुमच्या हातची गाडी चालवते मी!"

मी दाराकडे बघत होतो. दाराच्या मागच्या कडेची वरची फट, जिच्यातून एके काळी करंगळी जायची, ती पार मिटली होती; म्हणजे गाडी आणखी वाकली होती. शाळकरी मुलींनी मला हात केला आणि गाडी मनोरच्या रस्त्याला लागली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी पिशवीत जॅक आणि मोठा स्क्रू-ड्रायव्हर घातला आणि मासवणची एसटी पकडली.

काशिनाथ पाटील वखारीत गवताच्या गाठी मोजून घेत होते. दणकट माणूस, डोक्याला टॉवेल. मी कोण ते कळल्यावर त्यांनी खुर्ची पुसून दिली, आतून चहा मागवला. "मेस्त्री, तुमी सोताहून आलात? आमची पोरगी लहान होती तवापासून ही गाडी बघत आली हाय. हितूनच जायाची ना! शेवटी म्हटलं, घे बाय."

मी चहाला हात लावला नाही. "पाटील, आधी गाडीपाशी चला. ताईंनाही बोलवा."

दोघं उभे राहिले. मी खाली बसलो आणि दाराखालच्या चकचकीत हिरव्या रंगावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून जोर दिला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर ओढला तेव्हा मागोमाग लाल भुसा सांडला. मग जॅक लावून दार अडकतं ते दाखवलं. मग लग्नाची, ड्रमच्या पत्र्याची, चार दिवसांची, सगळी हकिगत सांगितली. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा बोललो नसतो, म्हणून थांबलो नाही.

पाटलांचा चेहरा तापत गेला. "म्हंजे मधोमध मोडली असती? आन् माझी पोर आत?"

"होय."

"तुमाला काय माणूस म्हनायचा का काय?" ते माझ्या अंगावर आले. सुनंदाने त्यांचा हात धरला. ती त्या भोकाकडे बघत होती.

"कधीपासून ठाऊक होतं तुम्हाला?"

"नऊ वर्षं."

"आणि काल, पालघरला?"

"कालही."

"माझ्यासोबत दोन मुली होत्या, मेस्त्री."

मी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून म्हटलं, "मी ती नीट करून देतो. सगळं कापून, नवीन."

"बाबा म्हणतील ते म्हणतील," ती म्हणाली, "पण तुमी आधी कर्णिकसाहेबांना सांगा. त्यांच्याच तोंडून तुमचं नाव ऐकून आमी घेतली. मग गाडीला हात लावा."

मी सोमवारी साहेबांच्या ऑफिसात गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडतील असं वाटलं होतं, तसे ते ओरडले नाहीत. खिडकीकडे बघत म्हणाले, "वरातीत रोहिणी माझ्या शेजारी बसली होती. गेल्या वर्षी आम्ही मुलाला घेऊन याच गाडीने नाशिकला गेलो, घाटातून." मग म्हणाले, "मी तुम्हाला चार दिवस दिले होते, हे खरं आहे. पण चार दिवसांत होणार नाही, एवढं म्हणायला तुम्हाला अर्धं मिनिट लागलं असतं." त्या महिन्यापासून कारखान्याचा एकही टेंपो माझ्याकडे आला नाही.

पाटलांनी गाडी रस्त्यावरून चालवू दिली नाही. गवताच्या ट्रकमध्ये खाली गाठी अंथरून त्यांनी ती वर चढवली आणि सालवडला पाठवली. युसूफभाई ट्रककडे बघून म्हणाले, "देर से बोला, मगर बोला." आणि स्वतःची ट्रॉली घेऊन इंजिन उतरवायला आले.

अडीच महिने लागले. पेटी कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे लोखंडी अँगल वेल्ड करावे लागतात. नाहीतर आधार काढताच गाडी हातातच दुमडते. मग आतला सडका पत्रा काढत गेलो. माझी ती ड्रमची पट्टी निघाली तेव्हा तिच्यावरची केमिकलची जुनी अक्षरंही अजून वाचता येत होती. नवीन पेटीचा एकेक भाग मी हाताने वाकवला. सुनंदा शनिवारी सकाळची शाळा सुटली की यायची. तिची एकच अट होती: आपण पाहिल्याशिवाय आतली कुठलीही जागा बंद करायची नाही. ती टॉर्च घेऊन आडवी व्हायची, वेल्डिंगच्या टाक्यांवरून बोट फिरवायची. दोन ठिकाणी तिने मला काम पुन्हा करायला लावलं. एका ठिकाणी तिचं चुकलं होतं, पण मी काही न बोलता पुन्हा केलं.

एका शनिवारी कर्णिकसाहेब आले. माझ्याशी बोलले नाहीत. अँगलांवर उभ्या असलेल्या, खालून कापलेल्या गाडीभोवती हात मागे बांधून फिरले, वाकून आत बघितलं. मग सुनंदाला म्हणाले, "लाल चांगली आहे. पण बसलं की दुसऱ्याच्या घरात बसल्यासारखं वाटतं. मी विचार करत होतो, तुम्ही जर ही परत..."

"नाय," सुनंदा म्हणाली.

"नाही, म्हणजे, नीट विचार करून..."

"विचार झाला, साहेब. नाय."

ते खळखळून हसले. एवढ्या चटकन निर्णय घेणारं माणूस त्यांना बहुधा बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं. जाताना दाराशी थांबून मला म्हणाले, "काम चांगलं चाललंय." टेंपो मात्र पुन्हा पाठवले नाहीत, आणि मीही कधी मागितले नाहीत.

गाडी तयार झाली त्या दिवशी सुनंदा एकटीच न्यायला आली. मी किल्ली दिली. ती म्हणाली, "बसा."

"मी कशाला?"

"तुमी बसल्याशिवाय मी नेणार नाय."

बसलो. पालघर मागे पडलं. पुढचा रस्ता तेव्हा खड्ड्यांचा होता. प्रत्येक खड्ड्याला मी दाराकडे बघत होतो. दार जागच्या जागी होतं. मासवणच्या अलीकडे रस्ता सरळ आणि मोकळा होतो. तिथे तिने वेग वाढवायला सुरुवात केली. वारा कानात शिरला. माझा हात आपोआप दाराच्या कडेवर गेला.

"ताई, जरा हळू."

तिने रस्त्यावरची नजर काढली नाही, पायही काढला नाही. "का? अजून काही सांगायचं राहिलंय का, मेस्त्री?"

मी खरोखरच आठवून बघितलं. एकेक टाका, एकेक जोड.

"नाही," मी म्हटलं, "आता काही राहिलं नाही."

तिने गियर बदलला.